गुडघा सांभाळून वजन उचलताना : रत्नागिरीतील एका व्यायामवर्गाचा सोळा आठवड्यांचा अनुभव

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या या व्यायामशाळेत, गुडघा दुखावलेल्या धावपटूंसाठी १६ आठवड्यांचा एक स्वतंत्र वर्ग घेतला जातो. मी तो मे महिन्याच्या मध्यावर सुरू केला आणि गणपतीच्या तोंडावर पूर्ण केला. आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी सव्वा तास, एका तुकडीत जास्तीत जास्त सहा जण आणि महिन्याला २,२०० रुपये शुल्क, असे त्याचे स्वरूप आहे. आपल्याकडे गुडघा दुखू लागला की साधारणपणे दोनच सल्ले मिळतात : धावणे कायमचे सोडा, नाहीतर पट्टा बांधून धावत राहा. गुडघ्याभोवतीचे स्नायू मोजूनमापून भार देत बळकट करावेत, हा तिसरा मार्ग तोंडाने सांगणारे पुष्कळ भेटतात, पण शेजारी उभे राहून तो करवून घेणारे फार थोडे. म्हणून या वर्गाबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी माझ्या दुखण्याविषयी, कारण त्यावाचून पुढचे काही नीट कळणार नाही. मी ४४ वर्षांची आहे, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि गेली सहा वर्षे नियमित धावते. माझा नेहमीचा मार्ग मांडवीहून निघून भाट्याच्या पुलावरून पलीकडच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनापर्यंत आणि तसाच परत. गेल्या जानेवारीत अर्धमॅरेथॉनचे २१.१ किलोमीटर पूर्ण करण्याचा निश्चय केला आणि त्या भरात आठवड्याचे एकूण अंतर चार आठवड्यांत २२ किलोमीटरवरून ३८ वर नेले. शिवाय रविवारचे लांब धावणे सपाटीवरून उचलून आरे-वारेच्या चढउताराच्या रस्त्यावर नेले. फेब्रुवारीच्या अखेरीस उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे एक बोथट, नेमकी जागा न दाखवता येणारी वेदना सुरू झाली. चढ चढताना ती फारशी जाणवत नसे. घराजवळची जांभ्या दगडाची पाखाडी उतरताना मात्र प्रत्येक पायरीला जाणवे, आणि उत्तरपत्रिका तपासताना तासभर गुडघा दुमडून बसले की उठताना पहिली चार पावले लंगडत पडत. क्ष-किरण चित्रात काहीही निघाले नाही. ज्या डॉक्टरांकडे प्रथम गेले त्यांनी धावणे बंद करायला सांगितले आणि वजनांना हातही लावू नका, अशी ताकीद दिली.

मी सात आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. दुखणे गेले, आणि पुन्हा धावायला सुरुवात केल्यावर तिसऱ्याच किलोमीटरला, जणू काही मध्ये काळ गेलाच नव्हता, अशा रीतीने परत आले. विश्रांतीने वेदना शमते, पण ज्या मांडीला आणि खुब्याला तो भार पेलायचा असतो त्यांची ताकद विश्रांतीच्या काळात उलट घटते, हे मला इथे आल्यावर कळले. ते सात आठवडे आधीच वाचवता आले असते, याची हळहळ अजून वाटते.

वर्गाचा पहिला दिवस व्यायामाचा नसतो, तपासणीचा असतो, आणि माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. प्रशिक्षक स्वतः फिजिओथेरपीचे पदवीधर आहेत. त्यांनी आधी एक लांबलचक अर्ज भरून घेतला. गुडघ्याला सूज येते का, तो मध्येच अडकतो का, चालताना एकाएकी दगा देतो का, रात्री झोपेतून जागे करणारी वेदना आहे का, ताप किंवा पडण्याचा इतिहास आहे का, असे प्रश्न त्यात होते, आणि यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांचा लेखी अभिप्राय आणल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका गृहस्थांना, त्यांचा गुडघा अधूनमधून अडकतो असे समजल्यावर, शुल्क न घेता परत पाठवले गेले. व्यायामशाळेने आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे ही गोष्ट मी तरी प्रथमच पाहिली.

त्यानंतर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. २० सेंटिमीटर उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवायची आणि परत वर यायचे. एका पायावर टाच उचलण्याच्या आवृत्त्या दमेपर्यंत मोजायच्या. कुशीवर कोपराच्या आधाराने शरीर सरळ धरून ठेवायचे. ठोकळ्यावरून उतरताना माझा उजवा गुडघा दर वेळी आतल्या बाजूला, अंगठ्याच्याही पलीकडे झुकत होता, आणि समोरच्या आरशात ते पाहीपर्यंत मला त्याचा पत्ताही नव्हता. टाच उचलण्याच्या आवृत्त्या डाव्या पायावर २२ झाल्या आणि उजव्यावर १४. या आकड्यांवरून त्यांनी माझे पहिल्या चार आठवड्यांचे वेळापत्रक आखले. शेजारच्या विद्यार्थ्याचे वेळापत्रक माझ्यापेक्षा निराळे होते.

आता मुख्य विषयाकडे येते. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून सरकते, आणि गुडघा किती वाकवला त्यानुसार तिच्यावरचा दाब बदलतो, हे या वर्गात जितक्या सोप्या रीतीने समजावून सांगितले जाते तितके मी अन्यत्र कुठेही ऐकले नव्हते. १९७२ सालच्या एका मोजणीचा अजूनही दाखला दिला जातो. त्या मोजणीनुसार सपाटीवर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा भार येतो, जिना चढता-उतरताना तो तिपटीच्या वर जातो आणि पूर्ण खाली बसून उठताना सातपटीच्याही पुढे. म्हणजे ५८ किलो वजनाच्या माझ्यासारख्या बाईच्या गुडघ्यावर, हातात कसलेही वजन नसताना, नुसत्या खोल बैठकीत चारशे किलोंहून अधिक भार येऊ शकतो. निरोगी गुडघ्याला त्याने काही होत नाही, तो त्याच कामासाठी घडलेला असतो. पण चिडलेल्या गुडघ्याला तो भार कोणत्या कोनात आणि किती द्यायचा, हे ठरवल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि साध्या व्यायामशाळांमध्ये ती सहसा पाळली जात नाही. उभ्याने बैठक मारताना गुडघा जितका जास्त वाकेल तितका वाटीवरचा दाब वाढतो. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत बैठक सरळ पायापासून साधारण ४५ अंशांपर्यंतच, म्हणजे उंच स्टुलावर टेकावे इतकीच करायची. खुर्चीसारख्या यंत्रावर बसून पाय समोर उचलण्याच्या व्यायामाचे, म्हणजे लेग एक्स्टेन्शनचे, गणित मात्र बरोबर उलट आहे. तिथे पाय सरळ होत जातो तसतसे वजन ओढायला मांडीला अधिक जोर लावावा लागतो आणि त्याच वेळी वाटी व हाड यांचा एकमेकांना टेकणारा भाग लहान होत जातो, म्हणून शेवटच्या टप्प्यात दाब वाढतो. तेव्हा तो व्यायाम ९० अंशांपासून ४५ अंशांपर्यंतच करायचा आणि पाय पूर्ण ताठ करायचा नाही. ‘लेग एक्स्टेन्शन गुडघ्याला वाईट’ आणि ‘बैठक गुडघ्याला वाईट’ ही दोन्ही वाक्ये मी वर्षानुवर्षे ऐकत आले होते. योग्य टप्प्यात दोन्ही चांगले आहेत, आणि दोन्ही मिळून मांडीचा स्नायू त्याच्या हालचालीच्या बऱ्याच मोठ्या भागात, वाटी न दुखवता, घडवता येतो. यंत्राच्या दांड्याजवळ त्यांनी लाल चिकटपट्टी लावून मर्यादा आखली आहे. दांडा तिथे पोहोचला की थांबायचे. महागड्या यंत्रांत अशी मर्यादा बसवण्याची सोय असते, इथे नाही, पण चिकटपट्टीनेही काम भागले.

पहिल्या तीन आठवड्यांत माझ्या वाट्याला आले ते असे : भिंतीला पाठ टेकवून उथळ कोनात ३० ते ४५ सेकंद स्थिर बसणे, मर्यादित टप्प्यातले लेग एक्स्टेन्शन, दोन्ही पायांनी २० किलोवर लेग प्रेस, म्हणजे यंत्रावर बसून तळपायांनी वजन ढकलणे, रबरी पट्टा गुडघ्यांच्या वर बांधून कडेकडेने चालणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि हातात डंबेल घेऊन खुब्यातून वाकणे. या शेवटच्या व्यायामात गुडघा जेमतेम दुमडतो आणि सारे काम मांडीच्या मागचे व नितंबांचे स्नायू करतात, म्हणून दुखऱ्या गुडघ्याच्या माणसालाही तो पहिल्या दिवसापासून पुरेसे वजन घेऊन करता येतो. मी आठवड्याभरात १६ किलोंवर गेले आणि कित्येक महिन्यांनी आपण काही अवघड करतो आहोत याचे समाधान मिळाले. दुखापतीच्या काळात मनाला त्या समाधानाची फार गरज असते.

खुब्याच्या व्यायामांवर एवढा भर का, हा प्रश्न मी विचारला होता. ठोकळ्यावरून उतरताना गुडघा आत झुकतो तेव्हा मांडीचे हाड वाटीखाली आत वळत असते, आणि ते रोखण्याचे काम खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू करतात, असे उत्तर मिळाले. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्ट येथे या दुखण्यावरील तज्ज्ञ एकत्र जमले होते आणि त्यांचे एकमताचे निवेदन २०१८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही खुबा आणि गुडघा या दोहोंचे व्यायाम एकत्र करण्याची शिफारस आहे. त्याच निवेदनात विजेच्या यंत्रांच्या शेकांची शिफारस केलेली नाही. या व्यायामशाळेत तसले यंत्र ठेवलेलेच नाही, आणि सत्रामागे वेगळे पैसे मिळवून देणारी ही सोय त्यांनी जाणीवपूर्वक टाळली आहे, याची मी आदराने नोंद करते.

वजन कधी वाढवायचे हे ठरवण्याची त्यांची पद्धत मला सर्वाधिक उपयोगी पडली. प्रत्येकाला एक वही दिली जाते. तिच्यात व्यायाम करताना, त्याच दिवशी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अशा तीन वेळा वेदनेला ० ते १० मध्ये आकडा द्यायचा. पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षक म्हणाले होते, “मॅडम, दुखणे शून्यावर येण्याची वाट पाहत बसायचे नाही आणि दात-ओठ खाऊन पुढेही जायचे नाही. तीनपर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा आदल्या दिवशीच्या सकाळपेक्षा वर गेलेला नको.” सकाळचा आकडा ठरवण्यासाठी रोज एकच कसोटी हवी, म्हणून मी घराजवळच्या पाखाडीच्या ३८ पायऱ्या निवडल्या. सकाळी दूध आणायला उतरताना त्या पायऱ्यांनी जे सांगितले ते वहीत लिहायचे, आणि सलग दोन सत्रांनंतरचा आकडा स्थिर राहिला तरच पुढच्या वेळी वजन अडीच किंवा पाच किलोंनी वाढवायचे. दर संचाच्या शेवटी आणखी दोन-तीन आवृत्त्या करता येतील इतका दम शिल्लक राहावा, आणि दोन सत्रांमध्ये किमान ४८ तासांचे अंतर असावे, हे त्यांचे आणखी दोन नियम. मी सोमवार आणि गुरुवार निवडले. गुडघ्यातून येणाऱ्या करकर आवाजाची मला फार धास्ती होती. वेदना किंवा सूज नसेल तर नुसत्या आवाजाला आकडा द्यायचा नाही, असे त्यांनी बजावले, आणि हळूहळू मी त्या आवाजाकडे लक्ष देणे सोडले.

आता दोषांकडे येते, कारण ते लपवले तर या लिखाणाचा उपयोग नाही.

सहाव्या आठवड्यात मुख्य प्रशिक्षक चार दिवस बाहेरगावी गेले होते आणि त्यांच्या जागी सर्वसाधारण जिमचे एक तरुण प्रशिक्षक आले. त्यांनी वही उघडूनही पाहिली नाही. दोन्ही हातांत ८ किलोंची डंबेल देऊन त्यांनी आम्हाला दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब पावले टाकत, मागचा गुडघा जमिनीला टेकेपर्यंत खाली जात चालायला लावले. मी माझी मर्यादा सांगितली, तेव्हा “थोडे दुखणारच, सवय होईल” असे उत्तर आले. मीही तिथेच थांबायला हवे होते, पण तुकडीतले बाकीचे करत होते म्हणून चार फेऱ्या केल्या. त्या संध्याकाळी वहीत ६ आकडा लिहावा लागला, दुसऱ्या सकाळी पाखाडी कडेकडेने भिंतीला धरून उतरले आणि मूळ पातळीवर यायला नऊ दिवस गेले. मुख्य प्रशिक्षक परतल्यावर त्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली, दोन सत्रे विनामूल्य दिली आणि वही पाहिल्याशिवाय कुणालाही वजन देऊ नये, अशी सूचना भिंतीवर लावली. तरीही एकाच व्यक्तीच्या ज्ञानावर सारा वर्ग उभा असणे ही या सेवेची खरी कमजोरी आहे. प्रवेश घेणाऱ्याने मुख्य प्रशिक्षक कोणत्या दिवशी असतात हे विचारून घ्यावे, आणि ते नसतील त्या दिवशी आदल्या सत्राचीच वजने व तेच व्यायाम करण्याचा आग्रह धरावा.

दुसरा दोष भाषेचा आहे. घरी करायच्या व्यायामांचा छापील कागद पूर्णपणे इंग्रजीत आहे. आमच्या तुकडीत मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी विकणाऱ्या एक मावशी होत्या. तासन्‌तास उकिडवे बसून त्यांचे दोन्ही गुडघे वाटीभोवती दुखत असत. प्रशिक्षक त्यांच्याशी उत्तम मराठीत, अतिशय धीराने बोलत, पण घरी गेल्यावर त्या कागदाचा त्यांना काहीच उपयोग नव्हता. शेवटी मी त्यांच्यासाठी तो मोठ्या अक्षरांत मराठीत उतरवून दिला. पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या घरच्या व्यायामात फरक दिसला, आणि उकिडवे बसण्याऐवजी वीतभर उंचीचा पाट घेऊन बसण्याची सूचनाही त्यांनी तेव्हाच प्रथम नीट समजून अमलात आणली. रत्नागिरीत चालणाऱ्या वर्गाने हे काम आधीच करायला हवे होते.

साधनांविषयी थोडक्यात. लेग प्रेस जुना आहे, पण सुरळीत सरकतो आणि त्यावर अडीच किलोंच्या चकत्या लावता येतात, जे गुडघ्याच्या रुग्णाला नव्या चकचकीत यंत्रापेक्षा अधिक कामाचे आहे. लेग एक्स्टेन्शनच्या यंत्रात मात्र एकदम पाच किलोंची वाढ होते आणि हलक्या वजनांवर ती फार मोठी ठरते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत इथले लोखंड टिकवणे ही सततची लढाई आहे. दांड्या दर आठवड्याला तेलाच्या फडक्याने पुसल्या जातात, तरी जुलैत दोन दांड्यांच्या टोकांना गंज चढून चकत्या अडकू लागल्या होत्या. रबरी पट्टे ऊन आणि दमट हवेने चिरकतात. आमच्यासमोर एक पट्टा ताणलेल्या अवस्थेत तुटला. सुदैवाने तो पायाला लागला, डोळ्याला नाही. त्यानंतर सगळे पट्टे बदलले गेले, पण घरी वापरणाऱ्यांनीही पट्टा दर वेळी ताणून, त्यावर बारीक चिरा आहेत का हे पाहूनच वापरावा आणि खिडकीच्या उन्हात टांगून ठेवू नये. पावसाळ्यात वीज गेली की पंखे बंद पडतात आणि पर्यायी सोय नाही. त्या दिवसांत स्वतःचा टॉवेल आणि पिण्याचे पाणी जास्तीचे न्यावे.

नवव्या आठवड्यात, लेग प्रेसवर एका पायाने ३० किलो निर्वेधपणे होऊ लागले आणि ठोकळ्यावरून उतरताना गुडघा सरळ राहू लागला, तेव्हा मला धावण्याची परवानगी मिळाली. सुरुवात एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे अशा आठ फेऱ्यांनी झाली, तीही सपाट डांबरी रस्त्यावर आणि पावसाची उघडीप पाहून. प्रशिक्षकांनी माझी पावले मोजली. ती मिनिटाला १६२ भरली. वेग न वाढवता ती १७० वर न्यायला त्यांनी सांगितले. पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली आणि पाऊल थोडे आखूड केले की गुडघ्यावर येणारा भार घटतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. फोनवरच्या ठोक्यांच्या तालावर पहिले दोन आठवडे हे फार कृत्रिम वाटले, नंतर अंगवळणी पडले.

याच काळात त्यांनी एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर मला सहा वर्षांत सुचले नव्हते : “भाट्याच्या किनाऱ्यावर जाताना आणि येताना तुम्ही एकाच वाटेने धावता का?” एकाच वाटेने मी धावत नसे. जाताना मी वाळूतून जाई आणि परतताना ऊन चढू लागते म्हणून बनालगतच्या रस्त्याने येई. किनारा समुद्राकडे उतरता असतो आणि दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. म्हणजे सहा वर्षे माझा उजवा पाय नेहमी उताराच्या खालच्या बाजूला पडत आला होता आणि डाव्या पायावर ती पाळी कधी आलीच नव्हती. दुखण्याचे एकमेव कारण हेच, असे त्यांनीही म्हटले नाही. चार आठवड्यांत अंतर जवळजवळ पावणेदोनपट करणे हे कारण पुरेसे होते. पण आता मी ओहोटीची वेळ पाहून, पाणी मागे गेल्यावर उघडी पडणारी घट्ट आणि सपाट वाळू निवडते, आणि ज्या वाटेने जाते त्याच वाटेने परत येते. आपल्या किनाऱ्यावर धावणाऱ्या प्रत्येकाने हे करून पाहावे.

सोळाव्या आठवड्याच्या अखेरीस पहिल्या दिवशीच्याच चाचण्या पुन्हा झाल्या. टाच उचलण्याच्या आवृत्त्या उजव्या पायावर २३ आणि डाव्यावर २५ झाल्या, लेग प्रेसवर एका पायाने ४५ किलो झाले, बैठक आता मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत, हातात १२ किलो धरून होते. सलग ८ किलोमीटर धावते आणि वेदनेचा आकडा शून्य किंवा एक असतो. गुडघा पूर्ण बरा झाला असे मात्र मी म्हणणार नाही. गणपतीत शेजारच्या घरी भजनाला दीड तास मांडी घालून बसले, तर उठताना जुनी ओळख पटली आणि सकाळी पाखाडीने २ आकडा दिला. आरे-वारेचा उतार अजून माझ्या वेळापत्रकात नाही. तो सर्वांत शेवटी, आणि तोही आधी चालत उतरून, असे ठरले आहे. आठवड्यातून दोन दिवस वजनांचा व्यायाम यापुढेही चालू राहील. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० मधील शिफारस तर गुडघा दुखत नसलेल्यांसाठीही आहे.

धावण्याने गुडघे झिजतात, असे घरातली मोठी माणसे मला अजूनही काळजीने सांगतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या एका पाहणीत खुबा व गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के आणि न धावणाऱ्या, बैठे आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आढळले होते. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र ते १३.३ टक्के होते. माझ्यासारखीने हौशीच राहावे आणि अंतर हळूहळू वाढवावे, एवढे त्यातून मी घेतले.

हा वर्ग कुणासाठी आहे, हे शेवटी स्पष्ट करते. वाटीभोवती किंवा वाटीमागे दुखणारे, सूज नसलेले, आणि चार महिने संयमाने वही भरू शकणारे धावपटू, चालणारे, जिने-पाखाड्या चढणारे यांनी जरूर जावे. गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला नेमक्या एका बिंदूवर दुखत असेल तर ते दुखणे बहुधा वेगळे असते. तशा दोघांना इथे वेगळे वेळापत्रक मिळाले, पण त्याबद्दल मी अनुभवाने काही सांगू शकत नाही. महिन्याभरात स्पर्धा असलेल्यांनी इथे पैसे घालवू नयेत. पावस, लांजा किंवा संगमेश्वराहून येणाऱ्यांना सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेपाच या दोनच वेळा गैरसोयीच्या आहेत. दुपारची एक तुकडी सुरू झाली तर पुष्कळांची सोय होईल.

पाचपैकी चार गुण मी देते. एक गुण सहाव्या आठवड्यातल्या त्या सत्रासाठी आणि इंग्रजी कागदासाठी राखून ठेवते. चालकांना एक विनंती मी वहीच्या शेवटच्या पानावरही लिहून आले आहे : पहिल्या मजल्यावर नेणारा हा जिना उभट आणि अरुंद आहे, त्याला एका बाजूनेही कठडा नाही, आणि वर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा गुडघा उतरतानाच दुखतो, नव्या यंत्रांसाठी पैसे साठवत आहात हे ठाऊक आहे, पण त्याआधी तो कठडा बसवून घ्या.